दोन बहिणी अन् मस्कतचा वीसा

माहा जनम नागपूरजवळच्या कन्हानचा. बाप कोळशाच्या खदानीत होता, माय घरीच, अन् आम्ही दोघी पोरी, मी मोठी, ती माह्यापेक्षा दोन वर्षानं लहान. मी बेबी, ती छबू. माय आवाज दे त एकीले कधी देतच नव्हती, बेबीछबू असं एका दमात म्हणे, जशी एकच पोट्टी आहे. भांडण त रोजचं, काय सांगू तुम्हाले ताई, माही फणी घेतली म्हणून मी तिले पार नदीपर्यंत पळवली होती, कमरेपर्यंत केस होते तिचे, फणीत गुंता राहे अन् मले राग ये. पण तिले दुसरं कोणी बोललं का मी त्याच्या दारात जाऊन उभी.

मग लग्नं झाली. आता आमच्यात रीत अशी का नवरीचं नावच बदलते, नवरा तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिते, बाया हासतेत, अन् झालं, सकाळची बेबी दुपारी सुनंदा. दोन सालानं तिचं लग्न झालं, ती झाली प्रतिभा. कोणाले काही वाटलं नाही, मी त खुशच होती, बेबी हे काय नाव आहे का मोठ्या बाईचं. पुढं जे जे कागद निघाले, आधार म्हणा, बँक म्हणा, पासपोर्ट म्हणा, सारे सासरच्या नावानं. पण मी तिले कधी प्रतिभा म्हटलं नाही अन् तिनं मले सुनंदा म्हटलं नाही. जीभच वळत नव्हती.

माहा नवरा बुटीबोरीले कंपनीत होता, कावीळ झाली अन् गेला. मले लेकरू नाही. तिच्या नवऱ्यानं दुसरी बाई केली अन् हिले एका पोरीसंग सोडून दिली, रोशनी नाव पोरीचं. मायबाप तवा गेलेले. त मी अगोदर निघाली, शारजाले, एका पंजाबी घरी स्वयंपाकाले अन् लेकरं सांभाळाले, अन् मग मीच तिच्या मागं लागली का तूही ये वं, तिथं काय ठेवलं आहे, अन् तिले मस्कतले काम भेटलं. हे लक्षात ठेवा, मीच पाठवली. रोशनी इथं नागपूरले होस्टेलवर राहून शिकून राहिली होती.

शारजाहून मस्कत लय दूर नाही बरं, गाडीनं पाच-सहा घंटे, इथून शेगावले जा एवढंच. पण तो दुसरा देश, मधात सीमा लागते. सहा वर्षं आम्ही इतक्या जवळ होतो अन् एकदाही भेटलो नाही, नागपूरलेच भेटू म्हणत राहिलो, अन् सुट्या कधी जुळल्याच नाहीत. फोन मात्र रोज. आज काय भाजी केली, तुही मालकीण काय म्हणे, बस.

रविवारचा दिवस होता, मी मटर सोलून राहिली होती, त अनोळखी नंबरचा फोन आला. केरळची नर्स होती, हिंदीत म्हणे, आप बेबी हैं क्या. शारजात मले बेबी कोण म्हणन? म्हणे तुमची बहीण कामाच्या घरी चक्कर येऊन पडली, डोक्यात रक्त सांडलं, ऑपरेशन झालं, मशीनवर आहे, पण त्याच्या अगोदर थोडी शुद्धीत होती तवा तुमचा नंबर तिनंच दिला, बेबीले बोलवा, बेबीले बोलवा, एवढंच म्हणे. जल्दी या.

मी तशीच चपला घालून धावली. चौकात टायपिंगवाल्याचं दुकान होतं, वीसाचे फॉर्म भरून देते ते, हैदराबादचा माणूस, सारे त्याले भाईजान म्हणत. त्यानं माहं तिथं राहाचं सरकारी कार्ड पाहिलं अन् मान हालवली. म्हणे तुमच्या कार्डावर कामाच्या जागी घरकामवाली लिहिलं आहे, घरकामवालीले एकटीले टुरिस्ट वीसा नाही, मालकासंग जाल त भेटन. अन् साहेब तवा कामानं बाहेरदेशी गेलेले, बुधवारी येणार. मी म्हटलं भाईजान, मले टुरिस्ट कायले व्हायचं आहे, मले काय समुद्र पाहाचा आहे का, माही बहीण मरून राहिली तिथं. तो म्हणे मग सख्खी बहीण आहे असं लिहून टाकून पाहू, मानलं त मानलं.

मी म्हटलं भर. तो विचारे अन् मी सांगे. पेशंटचं नाव काय, त मी सांगतलं छबू, अन् पुढं बापाचं नाव, बापाचं आडनाव. अक्कल पाहा माही. ध्यानातच नाही आलं ताई, तिचं नाव कोणी विचारलं का माह्या तोंडात तेच ये. मंगळवारी फॉर्म वापस आला. छबू नावाची बाई त्या दवाखान्यात नाहीच म्हणे. अन् कशी असन, तिथं ती प्रतिभा होती. दोन दिवस माह्या जिभेनं खाल्ले, मी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं तिथंच, दुकानात.

मग दुसरा फॉर्म, खऱ्या नावानं. आता म्हणे बहीण असल्याचा कागद द्या. मी रोशनीले फोन लावला. पोट्टी मायसाठी रडन का कागद शोधन, पण तिनं केलं बाप्पा सारं, कन्हानले जाऊन आमच्या बंद घरातली पेटी उघडली, बापाचं जुनं राशन कार्ड काढलं, सीताबर्डीले येऊन त्याचा चांगला फोटो करून पाठवला. वकिलालेही विचारलं. तो म्हणे लग्न नोंदलं असतं त दाखल्यावर दोन्ही नावं असती. आमची लग्नं कोण नोंदते. मग म्हणे शपथपत्र करा, गॅझेटमधी छापा, पंधरा-वीस दिवस धरा. रोशनी फोनवर म्हणे, मावशी, पंधरा दिवस माही माय थांबन का.

बुधवारी सकाळी भाईजाननं सारे कागद टेबलावर मांडले. माहा पासपोर्ट, नर्सनं पाठवलेला तिच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो, अन् राशन कार्ड, त्यात नुसत्या बेबी अन् छबू. राशन कार्डावर बोट ठेवलं अन् मले म्हणे, अम्मा, ये दोनों सगी बहनें हैं, ये तो मैं मानता हूँ, पर इनमें आप कौन सी हैं? मी टेबलावर हात आपटला. म्हटलं बेबी मी आहो, मी, हे पाहा माहं तोंड, ही माही बहीण. तो बिचारा खाली पाहून म्हणे, माह्या मानण्यानं काय होते अम्मा. रस्त्यावर आली अन् त्या उन्हात फुटपाथवर बसून मोठ्यानं रडली, लोकं पाहून राहिले होते, पाहू दे म्हटलं.

त्याच दिवशी दुपारी साहेब आले. मी त्याहिच्या पाया पडली, खोटं कायले सांगू. ते म्हणे उठ, शुक्रवारी सुटी आहे, आपण सारेच मस्कतले फिराले जाऊ. पुन्हा नवा फॉर्म. कशासाठी जाता, त सैर. मी कोण, त लेकरं सांभाळणारी. ना बहीण लागली ना राशन कार्ड. गुरुवारी दुपारी बारा वाजता मोबाइलवर वीसा आला, माहा फोटो अन् खाली टुरिस्ट. बहीण म्हणून चार दिवस हात जोडले त नाही भेटला, अन् फिराले जाणारी म्हणून एका दिवसात हातात. मी पिशवी भरली. तिले आवडे म्हणून कच्चा चिवडा कालवला, कांदा वेगळा बांधला. मशीनवरची बाई काय चिवडा खाणार, पण हात रिकामे कसे नेऊ.

चार वाजता नर्सचा फोन आला. म्हणे बेबी, तुमची बहीण गेली.

मॅडम म्हणे आता जाऊन काय करशील. मी म्हटलं मी जातो. गेलो सारे. सीमेवर विचारलं कायले चालले, साहेब म्हणे घूमने, अन् मीही हाव म्हणून मान हालवली, बाजूले लेकरं चिप्स खाऊन राहिले होते. दवाखान्यात नर्स खाली आली, बेबी म्हणून हाक मारली, हात धरून आत नेलं. मी तिले पाहिलं. डोकं सारं भादरलेलं होतं, एक केस नव्हता. माह्या मनात तेच आलं, ते फणीचं भांडण. मले तिले पाहू दिलं, पण तिले घरी नेण्याच्या कागदावर सही करू दिली नाही, नात्याचा कागद नाही म्हणे. सही तिच्या मालकिणीनं केली. पेटी नागपूरले आली, पेटीवर प्रतिभा लिहिलेलं, अन् मले टुरिस्ट म्हणून मालकासंगच दुसऱ्या दिवशी शारजाले वापस जा लागलं. अग्नी रोशनीनं दिला. मले आजवर कोणी म्हटलं नाही का तू तिले काहून पाठवली. मीच म्हणत राहतो.

आता मी इथंच आहो, दोन घरी पोळ्या लाटतो, तब्येत बरी आहे. रोशनीचं यंदा लग्न झालं. सासरच्याहिनं तांदळाचं ताट आणलं. पोट्टीनं माह्याकडे पाहिलं. जावयानं हौसेनं नाव निवडलं होतं, आराध्या, अन् तिलेही आवडलं होतं, तोंडावरच दिसे. मी म्हटलं लिहू दे बेटा. पण आठ दिवसात दोघाहिले धरून नेलं लग्न नोंदवाले, अन् दाखला हातात आला तवा दोन्ही नावं आहेत का ते बाबूकडून तीनदा वाचून घेतलं. तो चिडला, चिडू दे. सुखात राहा वं पोरी, ज्या नावानं राहशील त्या नावानं राहा, भरल्या घरात राहा.

अन् ताई, तुम्ही हे सारं लिहून राहिल्या नं, त खाली एक ओळ माह्या सांगण्यानं लिहा. सुनंदा म्हणजेच बेबी, प्रतिभा म्हणजेच छबू, राहणार कन्हान, एका मायच्या पोटच्या सख्ख्या बहिणी. असा कागद आमच्याजवळ कधी नव्हता. लिहिलं का? वाचून दाखवा बरं.