बेदाण्यातल्या काड्या

माझी आई शाळा शिकली असती ना, तर माझी इंग्रजी शिकवायची नोकरी तिलाच मिळाली असती बघा.

बाबा गेल्यापासून मी रोज संध्याकाळी सहाला, त्यांच्या घरी यायच्या वेळेला, सांगलीहून आईला तासगावला फोन करते. वर्गात शिकवलेला एखादा शब्द सांगत बसते. परवा 'अम्यूज' सांगितला. म्हटलं, "आई, आता याचा अर्थ रमवणं. पण पूर्वी अर्थ होता, माणसाला कशात तरी गुंतवून भुलवणं."

"मग? तू लहान असताना बेदाण्याच्या शेडवर कामाला जायची, तवा तुला कशी बसवायची मी? ताटात बेदाणं द्यायची, म्हणायची, यातल्या काड्या वेच. तुझं झालं, की तुझी नजर चुकवून त्याच काड्या परत मिसळायची. दिवस निघायचा."

"म्हणजे फसवलंस मला!"

"रडू नयेस म्हणून गं." मग म्हणाली, "आन तू रोज बरोबर सहालाच फोन करतीस, ते मला कळत न्हाई व्हय?"

मी 'तसं काही नाही' म्हणू लागले. मग तीच म्हणाली, "उद्याचा शब्द जरा मोठा आण. सहा ते सात लय लांब असतंय."