नारळावर भागवलेली लेथ

(कुंडलजवळचा एक पंपांचा कारखाना, १९७४. दसरा होऊन दोन दिवस झालेत. सकाळची पाळी. लोखंड कातायच्या यंत्रावर, लेथवर, नेमिनाथ. दुपारच्या पाळीचा आकाराम टोपलं घेऊन आलाय.)

आकाराम : टोपल्याला पाय लावू नगंस, नेमा. आत जिती हाय.

नेमिनाथ : कळतंय की, कुरकुर ऐकू येतीय. तुझी पाळी दुपारची. सकाळी सकाळी कोंबडी कशाला?

आकाराम : हंबीरराव मेस्त्रीचा हुकूम. जेवणाच्या भोंग्याआधी लेथपुढं कापायची, न्हाईतर तुला या लेथवरनं काढणार.

नेमिनाथ : अरे, खंडेनवमीला मी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले. अजून काय पायजे तिला?

आकाराम : दरसाल हिच्यापुढं कोंबडं पडतंय. औंदा लेथ तुझ्याकडं आली आन् तू नारळावर भागवलंस. मग काल बघितलंस न्हवं?

नेमिनाथ : बघितलं. तेच हत्यार, तेच माप, डायल जागची हलवली न्हाई. तरी सकाळचे सगळे शाफ्ट बारीक. बेअरिंग खुळखुळतंय. भंगारात गेले. आणि दुपारी काय न करता मापात यायला लागले! मला काय उमगंना बघ.

आकाराम : काय न करता कसं? पाळीवर आल्याबरोबर मी हिला कोंबडी कबूल केली. गुमान.

नेमिनाथ : पण तू यायच्या आधीच शाफ्ट मापात आले होते.

आकाराम : मग घरनं निघतानाच मनात आणलं आसंल मी.

नेमिनाथ : आणि मला सांगितलं न्हाईस?

आकाराम : मुंगी दिसली तर पाय उचलून धरणारा माणूस तू. तुला काय सांगू?

हंबीरराव : काय गप्पा चालल्यात रं? नेमिनाथ, आजचा शाफ्ट दाखीव.

नेमिनाथ : घ्या, मेस्त्री. हे बेअरिंग.

हंबीरराव : घट्ट बसलं की! दुसरा आण. ह्यो बी घट्ट. आन् कोंबडी अजून टोपल्यातच?

आकाराम : नुसती बघूनच भागलं वाटतं हिचं.

हंबीरराव : गप ऱ्हा. काय केलंस, नेमिनाथ?

नेमिनाथ : रात्री झोपच लागली न्हाई, मेस्त्री. भोंग्याच्या लय आधी आलो, लेथ रिकामीच चालू केली आणि शेजारी बसून णमोकार म्हणत राहिलो.

हंबीरराव : म्हंजे मंत्रानं सुधारली?

नेमिनाथ : तेच कळंना. पण हितं हात लावा, शाफ्ट धरतो तिथं.

हंबीरराव : गरम लागतंय.

नेमिनाथ : एरवी रातपाळीवाले ती गरमच आपल्या हातात देतात. दसऱ्यात बंद राहिली, गार पडली. काल रात्री वीज गेली, तवा परत गार. लोखंड तापलं की फुगतंय, हत्यारापासनं जरासं सरतंय. डोळ्याला न्हाई दिसत, बेअरिंगला दिसतंय. गार लेथवर गरम लेथचं माप लावलं की शाफ्ट बारीक. असं असंल का? मला तरी कुठं खातरी हाय!

हंबीरराव : मिलिटरीत आमाला सकाळी ट्रक तापवल्याबिगर घाटात घालू देत न्हवते. मला वाटायचं, इंजनाचे लाड चाललेत. आता सायबानं विचारलं तर काय सांगू? मंत्र, कोंबडी, का ताप?

नेमिनाथ : तापवून घेतली म्हणा.

हंबीरराव : बरं. लेथ तुझ्याकडंच. रातची वीज जातीया तवर रोज आधी येऊन रिकामी फिरव. कोंबडीचं तुमचं तुमी बघा. माझं डोस्कं चालंना झालंय.

नेमिनाथ : गेले मेस्त्री. ऐकलंस न्हवं? ने आता टोपलं घरी.

आकाराम : न्हाई.

नेमिनाथ : आता काय राहिलं?

आकाराम : शाफ्ट गेलं खड्ड्यात. मी शाफ्टासाठी कबूल केली न्हाई. गुढीपाडव्याच्या सुमाराला आमच्या पाळीच्या ज्ञानूचा हात ह्याच लेथमधी गेला. तवापासनं दिवस कलला की मला हिचं भ्या वाटतंय. काल शाफ्ट बिघडलं, वाटलं, ही रागावली. आता माझा हात घेणार.

नेमिनाथ : ज्ञानूच्या वेळंला तर आदल्या नवमीचं कोंबडं पडलं होतं की रं.

आकाराम : ठावं हाय. कोंबडं दिलं हुतं तरी गेला. लेथ बी गरमच हुती, तरी गेला. मग मी कशाला धरून ऱ्हाऊ, सांग की!

नेमिनाथ : वाटलं होतं, तोंड फिरवून उभा राहीन, तू काप म्हणून सांगीन. जमंना रं. माझ्यानं न्हाई जमायचं.

आकाराम : मग?

नेमिनाथ : मी थांबतो तुझ्या पाळीला. तुझ्या शेजारी. भीती जाईस्तवर.

आकाराम : खुळा का काय! माझी पाळी रातची सुटती, पहाटं तू परत लेथ तापवायला येणार. झोपणार कवा? आन् दिवस मावळला की तू तोंडात घास घालत न्हाईस. एका कोंबडीपायी एवढं?

नेमिनाथ : कोंबडीपायी म्हणून कुणी सांगितलं तुला?