बेसी आजीसाठी रोवन

कोणाचा विश्वास बसणार नाही, पण फाइफमधल्या आमच्या घरासमोरच्या बसथांब्यावर काल दोन बहिणी भांडत होत्या.

"एल्स्पेथ, बेसी आजीच्या स्मारकावर वाहायला रोवनच्या फांद्या?"

"लाल फळं छान दिसतात, ताई."

"अगं बये, रोवन दाराला बांधतात ते चेटकिणींना पळवायला! चेटकीण म्हणून जाळलेल्या बाईला चारशे वर्षांनी मान द्यायचा, आणि तोही असा?"

"मग आता फुलं कुठून आणू? बस आली बघ."

"कपाळ माझं! चल रिकाम्या हातांनी."

तेवढ्यात, काय सांगू, त्या फांद्यांना पांढरे गुलाब फुटले! चांगले बारा!

"फुटले?" माझी बायको म्हणाली. "मग माझ्या कुंपणावरचे बारा कोणी तोडले?"