पश्चिमेकडे परत जाणारी फाइल

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या बुंतु लोबो गावाचे प्रमुख माननीय सामुएल रांतेसाहेब, जिल्हा कार्यालयातून एवढा घाट चढून आलेले प्रमुख पाहुणे माननीय हर्यांतोसाहेब, व्यासपीठावरचे आदरणीय पाद्रीबाबा, आजचे सत्कारमूर्ती एलिसादादा पालिंबोंग, त्यांचे चिरंजीव दातू, समोर बसलेल्या माझ्या आया-बहिणींनो, आणि जागा नाही म्हणून बाहेर खांबांवरच्या भाताच्या कोठारांखाली बसलेल्या बंधूंनो, आपणा सर्वांना मार्तेनचा नमस्कार.

दामारिसवहिनी आज सभेला आलेल्या नाहीत. त्या आजारी आहेत.

मघाशी हर्यांतोसाहेबांनी माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "काय होतंय त्यांना?" मी तेव्हा कॉफी आणायचं निमित्त करून उठलो. साहेब, तुम्ही जावा बेटावरचे, आमच्याकडे नवे, म्हणून आता सांगतो. सव्वादोन वर्षांपूर्वी वहिनींचा श्वास थांबला. पण आमच्या डोंगरात श्वास थांबला म्हणून माणूस गेलं असं धरत नाहीत. मोठा विधी सुरू होऊन पहिला रेडा बळी पडेपर्यंत माणूस आजारीच असतं. औषधाने जपलेलं, घरातल्या दक्षिणेच्या खोलीत असतं. दोन वेळा ताट जातं, बाहेर जाताना सांगून जायचं, आल्यावर आलो म्हणून सांगायचं. मी देवळात प्रार्थना सांगणारा माणूस आहे. पाद्रीबाबा मला कधीकधी विचारतात, "मार्तेन, तुला खरं काय वाटतं?" बाबा, मला दोन्ही वाटतं. मी कोठाराखाली भरणाऱ्या शाळेत शिकलो. तिथे दोन्ही शिकवलं.

असो. बोलायचं आहे दादांबद्दल.

एकतीस वर्षं दादा आमच्या गावकार्यालयाचे सचिव होते. त्यांचं अक्षर आपल्या सगळ्यांच्या घरात आहे, कारण आपल्या जन्माचे जुने दाखले त्यांनीच लिहिलेत. मात्र संगणक आला आणि दादांची पंचाईत झाली. दादा एका बोटाने टंकतात. वहिनी म्हणायच्या, "ह्यांचं बोट निघतं तेव्हा भात पेरलेला असतो, अक्षरावर पडेपर्यंत कापणी होते." तेव्हा यंत्राचं सगळं काम वहिनींकडे होतं. त्या आमच्या कार्यालयाच्या संगणकचालक, दादा सचिव, मी कारकून. तीन माणसांचं कार्यालय. त्यातली दोन नवराबायको. माझी काय अवस्था होत असेल ते ओळखा.

वहिनींचं टेबल असं आहे की बसणाऱ्याचं तोंड उत्तरेला. म्हणजे उजवा हात पूर्वेला आणि डावा पश्चिमेला. त्यांनी संगणकाचा पडदाही तसाच लावला होता. जन्म, लग्न, नवं घर, यांच्या फाइली उजवीकडे, उगवतीला. मृत्यूच्या डावीकडे, मावळतीला. तुम्ही म्हणाल, काचेच्या पडद्याला कुठली आलीय पूर्व? पण इथे बसलेल्यांपैकी कुणी आपल्या लेकराच्या जन्माची फाइल डावीकडे ठेवू देईल का?

वहिनी आजारी पडल्या आणि पाचव्या दिवशी त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. माझे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत. मला फोल्डर उघडल्यावर मोठी मोठी चित्रं नकोत, नावांची साधी यादी हवी, नवी तारीख वर. मी तसं लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोठी चित्रं. पुन्हा लावलं. पुन्हा चित्रं. सगळ्या फोल्डरांना हेच लागू कर असंही एक बटण असतं, तेही दाबून झालं. पडद्यावरची चित्रं यंत्राने आपोआप मांडू नयेत अशी खूण केली. दिवसभर यंत्र माझं ऐकायचं. सकाळी सुरू केलं की सगळं वहिनींनी ठेवलं होतं तसं, बोटभरही इकडे तिकडे नाही. नोंद मात्र एकही हरवत नव्हती. फक्त मांडणी तेवढी परत जायची.

याचं मला एवढं काही वाटलं नसतं. पण डाव्या बाजूला, अगदी खाली, एक फाइल होती. आणि त्या फाइलीचं नाव होतं, "दामारिस पालिंबोंग, मृत्यूची नोंद".

समोरच्या माना वर झाल्या. त्या सकाळी आमच्याही अशाच झाल्या होत्या.

दादांनी ते नाव वाचलं आणि मला विचारलं, "मार्तेन, एवढी घाई कसली होती तुला?"

मी म्हणालो, "दादा, मी नाही केलं."

"मग कुणी केलं? इथे आपण दोघंच आहोत."

मी आपल्या देवाची शपथ घेतली. तरी पुढचे सहा महिने दादांनी माझ्या हातची कॉफी घेतली नाही. आजच्या प्रसंगी हे सांगू नये, पण दादांनीच सांगितलंय, सगळं सांग म्हणून.

दादांनी त्या दिवशी फाइल पुसली. सकाळी ती होती. नाव बदललं. सकाळी जुनं नाव. मग त्यांनी पुसणं सोडलं आणि रोज चार वाजता, कार्यालय बंद करताना, ती फाइल डावीकडून ओढत उजवीकडे न्यायला लागले. पश्चिमेकडून पूर्वेकडे. जन्माच्या फोल्डरशेजारी ठेवायचे, यंत्र बंद करायचे, खिडक्या लावायचे. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तेच यंत्र सुरू करायचे.

एका सकाळी मी मुद्दाम त्यांच्याही आधी गेलो. म्हटलं, पाहू तरी. यंत्र सुरू केलं. आधी नुसता निळा पडदा. मग एकेक चित्र उमटायला लागलं. जन्म. लग्न. घर. उजवीकडची जागा, जिथे काल माझ्यासमोर दादांनी ती फाइल ठेवली होती, रिकामी. आणि सगळ्यांच्या शेवटी डावीकडे खाली ती आली. घाई नाही, गडबड नाही. आपल्या जागेवर येऊन बसावं तशी. मी पाठीमागे वळून पाहिलं. दारात दादा उभे होते. ते म्हणाले, "आली का?" मी म्हणालो, "आली." त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली आणि आम्ही कामाला लागलो. सव्वादोन वर्षं, मंडळी, रोज सकाळी हे असं.

तुम्ही विचाराल, दुरुस्त का नाही करून घेतलं? प्रयत्न केला ना. शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याला मी पहिल्याच महिन्यात फोन लावला. तो म्हणाला, "यंत्र कुणाच्या नावावर आहे?"

"आमच्या वहिनींच्या."

"मग पासवर्ड त्यांनाच विचारा."

"त्या आजारी आहेत."

"बरं वाटलं की फोन करायला सांगा."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पुढच्या वर्षी पुन्हा लावला. "अजून आजारीच?" म्हणाला. "तब्येतीची काळजी घ्या म्हणावं." आम्ही निरोप पोचवला. दादांनी स्वतः त्या खोलीत जाऊन सांगितला. आपल्याशिवाय कुठल्या गावाचं यंत्र या कारणासाठी सव्वादोन वर्षं अडून राहिलं असेल?

इकडे दातू दोनदा कालिमंतानच्या खाणीतून रजा काढून आला. दोनदा विधीची तारीख ठरली. घरच्यांनी बांबूचे मांडवही घातले. दोन्ही वेळा दादा म्हणाले, "तिचं काम अजून संपलेलं नाही." आणि दादांनी हो म्हटल्याशिवाय वहिनींना कोण हलवणार? दातू माझ्यापाशी येऊन रडला. म्हणाला, "काका, आई तिथे किती दिवस पडून राहणार? आणि बाबा तिच्याजवळ किती दिवस बसून राहणार?" मला त्या दुसऱ्या प्रश्नाची जास्त भीती वाटली. दादा जेवत कमी होते, बोलत कमी होते. वहिनींच्या खोलीत त्यांनी आपलंही अंथरूण टाकलं होतं.

मग निवृत्ती जवळ आली. नव्या सचिवाच्या हाती यंत्र नीट द्यायला हवं म्हणून प्रमुखसाहेबांनी रांतेपाओहून संगणक दुरुस्त करणाऱ्या येनीला बोलावलं. येनी आपलीच मुलगी, खालच्या वाडीची. मी तिला म्हणालो, "वहिनी आजारी आहेत." तिने लगेच आवाज खाली आणला. यंत्राला हात लावण्याआधी ती त्यांच्या घरी गेली, खोलीच्या उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या टेबलाशी बसते हं जरा." मग आली.

अर्ध्या तासाने म्हणाली, "काका, हे बिघडलेलं नाही. हे कुलूप आहे. कुलूप लावलं त्या दिवसाचं रूप यंत्र जपून ठेवतं. दिवसभर काहीही करा, बंद करून सुरू केलं की तोच दिवस उगवतो. नोंदी दुसऱ्या कप्प्यात जातात, म्हणून त्या टिकल्या."

दादांनी विचारलं, "कुलूप लावलं कुणी?"

"मावशींनीच."

"कधी?"

येनीने तारीख वाचली. दादा बोटांवर मोजत राहिले. त्यांनी दोनदा मोजलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आजारी पडायच्या चार दिवस आधी, मार्तेन."

त्या आठवड्यात वहिनी एकट्याच आरोग्यकेंद्रात जाऊन आल्या होत्या, एवढं आम्हाला माहीत होतं. तिथे त्यांना काय सांगितलं ते कुणालाच माहीत नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "काही नाही, चढ चढताना धाप लागते."

येनी म्हणाली, पासवर्ड असेल तर कुलूप निघेल, नाहीतर सगळंच पुसून नव्याने भरावं लागेल. दादा उठले. "विचारून येतो," म्हणाले. आम्ही दोघं तिथेच बसलो, एकमेकांकडे न बघता. तासाभराने दादा आले, खुर्चीत बसले, आणि त्या एका बोटाने आठ अक्षरं दाबली. कुलूप निघालं.

मी विचारलं, "दादा, तुम्हाला कसं कळलं?"

ते म्हणाले, "विचारलं."

मंडळी, मी यावर फार विचार केलाय. एकतर दादांना ती अक्षरं पहिल्यापासून माहीत होती आणि तरीही ते सव्वादोन वर्षं फाइल रोज ओढत राहिले. नाहीतर त्या तासाभरात त्या खोलीत त्यांना कुणीतरी सांगितलं. यातली कोणती गोष्ट जास्त अंगावर येते ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी दोन्हींसाठी प्रार्थना करतो.

मग दादांनी ती फाइल उघडली. इतक्या दिवसांत ती कुणीच उघडली नव्हती. सगळं भरलेलं होतं. नाव, जन्म, आईवडील, गाव. कारण या रकान्यात "आजार". माहिती देणारा या रकान्यात "पती, एलिसा पालिंबोंग". दोनच जागा रिकाम्या होत्या, तारीख आणि सही.

दादांनी प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून सगळं वाचलं. मग म्हणाले, "एवढं सगळं टंकायला मला अख्खा दिवस गेला असता." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आणि कुलूप यासाठी, की मी हे पुसणार ते तिला ठाऊक होतं."

येनी म्हणाली, "काका, आता जिथे ठेवाल तिथेच राहील. कुठे ठेवू?"

दादांनी माउस हातात घेतला. फाइलीवर नेला. दातूचं, वहिनींचं आणि स्वतः दादांचंही पुढचं सगळं त्या हातात होतं. दादांनी ती हलवली नाही. उघडून तारीख भरली, आकडा आकडा थांबत. कागद छापून घेतला, सही केली, सचिवाच्या जागी आणि पतीच्या जागी. एकतीस वर्षांच्या नोकरीतली ती त्यांची शेवटची सही. मग त्यांनी यंत्र बंद करायला लावलं आणि पुन्हा सुरू करायला लावलं. निळा पडदा आला. चित्रं उमटली. फाइल डावीकडे खाली होती.

"कुलूप नाही ना आता?" दादांनी विचारलं.

"नाही, काका."

"म्हणजे आपण ठेवली म्हणून आहे."

"हो."

त्या संध्याकाळी दादांनी दातूला फोन केला. येत्या गुरुवारी विधी सुरू होतोय. आजवर पूर्व-पश्चिम निजलेल्या वहिनींना त्या दिवशी, गेलेल्या माणसाला निजवतात तसं, उत्तर-दक्षिण वळवतील. तुम्हा सर्वांना त्याचं बोलावणं मी दादांच्या वतीने इथूनच देतो. पाहुण्यांनी राहावं. बांबूत शिजवलेल्या डुकराचं जेवण दातूने आजच सांगून ठेवलंय.

दादा, त्या सहा महिन्यांनंतर एक दिवस तुम्ही माझ्याकडे पुन्हा कॉफी मागितलीत. मी साखर घालायला विसरलो, तरी तुम्ही ती प्यायलात. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

प्रमुखसाहेबांचे, घाट चढून आलेल्या पाहुण्यांचे, देप्पाच्या गोड वड्या तळणाऱ्या बहिणींचे आणि येनीचे मी कार्यालयाच्या वतीने मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर ते पोटात घाला. आणि एक मोठी चूक मी आज जाणूनबुजून केली आहे. माणूस आजारी असताना त्याच्याबद्दल जो शब्द बोलायचा नसतो, तो मी भर सभेत उच्चारला. त्याची माफी मागायला मी सकाळी दक्षिणेच्या खोलीत जाऊन आलो. दाराशी उभा राहून विचारलं, "वहिनी, चालेल ना?" बराच वेळ थांबलो. त्या काही म्हणाल्या नाहीत. पूर्वीही एखादी गोष्ट त्यांना पटली की त्या गप्पच राहायच्या.

आता आपलीही क्षमा मागतो आणि थांबतो.