डावीकडची तार

(गुहागरजवळचा सडा. रामनवमीच्या आदल्या दिवशीची सकाळ. आत्मारामाने बांधलेल्या बिनइंजिनाच्या विमानापाशी तो स्वतः, रावजी खोत आणि कीर्तनकार धाकूबुवा.)

रावजी : ती डावीकडची तार आधी काप.

आत्माराम : खोतानू, महिनाभर ह्या तारांशीच झटतोय. आधी दांडी जरा हलली की शिंगरासारखं उधळायचं. आता वीतभर ओढावी तेव्हा शेपूट जरासं हलतं. आत्ता कुठे गुणी झालंय, तर काप म्हणता?

रावजी : मी नाही, देव म्हणतो. काल देवाला कळ्या चिकटवून कौल लावला. डावी कळी पडली.

धाकूबुवा : विचारलं काय होतंत?

रावजी : विमान उद्या उडवावं का, एवढंच.

धाकूबुवा : आणि डावी पडली. म्हणजे देव ‘नको’ म्हणाला.

रावजी : बुवा, मामलेदारांना आमंत्रण गेलं! रामजन्माला वरून फुलं पडणार, हे दाभोळपर्यंत कळलं. आता देव नको कसं म्हणेल? त्याला फक्त डावी नको. नाहीतरी देवळाला प्रदक्षिणा उजवीच. डावीचं काम काय?

आत्माराम : अहो, उजवीकडे कललेलं सरळ करायला दांडी डावीकडेच न्यावी लागते, आणि ती चालते ह्याच तारेवर. नाहीतर फिरतच राहीन.

रावजी : प्रदक्षिणा जास्त झाल्या म्हणून देव रागावत नाही.

आत्माराम : देव नाही हो, खाली खडक आहेत! घरी चिमा पोटुशी आहे.

रावजी : दोर ओढून तुला उडवणारे रापणीचे कोळी माझ्या शब्दातले. तार कापलीस तरच ओढतील.

धाकूबुवा : आत्माराम, बसायला पाट किती?

आत्माराम : दोन.

धाकूबुवा : मग काप तार. फुलं टाकायचा मान यजमानाचा. रावजी, दुसरा पाट तुमचा.

रावजी : माझा?

धाकूबुवा : रामाचं कार्य. नाही म्हणू नये.

रावजी : बुवा... कळी डावीच पडली होती ना?

धाकूबुवा : तुम्हीच सांगितलंत.

रावजी : मग देव नकोच म्हणाला की! त्याच्यापुढे मामलेदार कोण?

धाकूबुवा : इतकी वर्षं कीर्तनात हेच सांगतोय. आज पोचलं.

आत्माराम : म्हणजे माझं विमान...?

धाकूबुवा : तार राहू दे. उत्सव होऊ दे, मग मी कौल लावतो. उजवी पडली तर दुसऱ्या पाटावर मी बसेन.

आत्माराम : आणि पुन्हा डावी पडली तर?

धाकूबुवा : तर चिमाच्या बाळासाठी ह्याच काठ्यांचा पाळणा बांध. मात्र दोन्हीकडे झुलू दे हो त्याला.