याकूबचाचांची घूं करणारी गिटार

आईशप्पत, ही गोष्ट शंभर टक्के खरी हाय. म्हंजे गिटार खरी हाय. बाकीचं मी बघितलं तसं सांगतो, आन माझं डोळं जरा अधू हायत.

आमचा दिल्या कराडच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. ती बनवली याकूबचाचांनी. चाचांचा धंदा विहिरीवरच्या जळक्या मोटारींची वायंडिंग करायचा. त्यांनी फणसाची फळी कापली आन मोटारीचीच तार गुंडाळून गिटार केली. दिल्या तिला लेकरागत जपायचा. फकस्त, लावली की ती घूंऽऽ करायची.

"चाचा, ही घूं काढा की."

"घूं थांबली म्हंजे मोटार जळली, बेटा!"

कडेगावच्या जत्रंत दुपारी दिल्याचा पयला कार्यक्रम. सकाळपास्नं गावात लाईट न्हवती, आमचा कर्णा बॅटरीवर. दिल्यानं गिटार लावली. घूंऽऽऽ!

"आरं, मोटार चालू झाली! लाईट आली, पळा!"

सगळं गाव उसाला पाणी पाजायला पळालं. समोर एकटे चाचा टाळ्या वाजवत बसल्यालं. दिल्या रडकुंडीला आला.

पुढच्या वर्साला गाव शहाणं झालं. पडदा उघडायच्या आधीच घूं आली, पर कुणी हललं न्हाई. "वा दिल्या! लय भारी!" म्हणत तासभर टाळ्या.

दिल्या तवा गिटार घिऊन कराडच्या स्टँडवर एसटीची वाट बघत हुता. घूं करत हुती ती शेजारच्या मळ्यातली मोटार.

आता खोटं वाटत असंल, तर निस्त्या च्याचं पैसं दे. खरं वाटत असंल, तर भज्यांचंबी.