नवमीचा ड्रायव्हर

श्रीरंग : काका, पिशवीतून हे काय काढलंत?

लक्ष्मण : मापाचा ब्लाउज.

श्रीरंग : मापाचा ब्लाउज? गोल्फचा ड्रायव्हर घ्यायला?

लक्ष्मण : तुम्हीच फोनवर म्हणालात ना, काठी मापानं घ्यावी लागते, उंची आणि हाताची लांबी कळली पाहिजे. मग माप आणलं. बाही बघा.

श्रीरंग : काका, मी उस्मानपुऱ्यात इतकी वर्षं दुकान चालवतोय. बॅटी विकल्या, कॅरम विकले. पुण्याहून मागवून गोल्फच्या काठ्या विकतो. पण ब्लाउज घेऊन आलेलं गिऱ्हाईक तुम्ही पहिलंच. समोरचा टेलर बघतोय बघा. त्याला वाटेल, श्रीरंगनं धंदा बदलला.

लक्ष्मण : बघू द्या. मोजा तुम्ही.

श्रीरंग : अहो, पण बाही कोपरापर्यंतच आहे. पुढचा हात कुठून मोजू?

लक्ष्मण : हे माझ्या लक्षातच आलं नाही.

श्रीरंग : टेन्शन नका घेऊ. काकूंनाच घेऊन या. मागं जाळी बांधलीय, दोन बॉल मारतील, लगेच कळेल.

लक्ष्मण : ती नाही आता. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात गेली.

श्रीरंग : माफ करा काका. बसा. पाणी घ्या. अर्धाच ग्लास आहे, आज नळ नव्हता.

लक्ष्मण : अर्धा पुरे. आमच्या पुंडलिकनगरातही टँकरच आहे.

श्रीरंग : मग हा ड्रायव्हर कुणासाठी?

लक्ष्मण : परवा अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण जेवायला बोलवायची असते ना.

श्रीरंग : माहीत आहे की. आमच्या आजोबांनी केली होती. त्या दिवशी जेवायला येणारी बाई म्हणजे गेलेलीच घरी आली असं समजायचं. पण तिला साडी देतात काका.

लक्ष्मण : साडी यमुनानं कधी मागितली नाही. ड्रायव्हर हवा होता. दुष्काळ सरला की घेऊ म्हणायची. तो काही सरला नाही. दाखवा तुम्ही.

श्रीरंग : हा बघा, यंदाचा. हलका आहे. ह्याचं तोंड मोठं, बॉल थोडा इकडं तिकडं लागला तरी सांभाळून घेतो. अडतीस हजार.

लक्ष्मण : अडतीस? आमची पहिली स्कूटर एवढ्याची नव्हती.

श्रीरंग : हा दुसरा. गेल्या वर्षीचा. रंग सोडला तर फरक फार नाही, खरं सांगतो. बावीस. आणि दांडा वेगळा हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे.

लक्ष्मण : दांडा वेगळा विकत घ्यायचा? मग बावीस हजार कशाचे, मुंडक्याचे?

श्रीरंग : सोबत कंपनीचा साधा दांडा येतो. पण खास दांडे असतात, जपानी वगैरे. ते कधी कधी मुंडक्यापेक्षा महाग पडतात.

लक्ष्मण : म्हणजे घोड्यापेक्षा लगाम महाग.

श्रीरंग : बरोब्बर. पण खरी मेख दांड्यातच आहे. दांडे मऊ असतात, मध्यम असतात, कडक असतात. हात सावकाश फिरत असेल तर मऊ, जोरात फिरत असेल तर कडक. चुकीचा घेतला तर कितीही महाग असो, बॉल सरळ जात नाही.

लक्ष्मण : तिच्याकडं जुनी काठी होती. कुणा साहेबानं बदली झाल्यावर विकलेली. बॉल नेहमी उजवीकडं जायचा.

श्रीरंग : कडक दांडा असणार. हाताला झेपला नाही की उजवीकडं पळतो.

लक्ष्मण : मी तिकडंच बसायचो. उजव्या बाजूला, बाभळीखाली. बॉल हमखास माझ्याजवळ यायचा, मग मी उचलून द्यायचो. तिला वाटायचं मी सोबतीला येतो. मी बॉल शोधायला जायचो.

श्रीरंग : तुम्ही खेळायचा नाहीत?

लक्ष्मण : छे. महसूल खात्यात कारकुनी केली. काठी कधी धरली नाही. तर मऊ दांड्याचा द्या. बायकांचा असतो तो.

श्रीरंग : देतो. पण एक विचारू? परवा जेवायला येणाऱ्या बाई ह्या काठीनं खेळणार आहेत का?

लक्ष्मण : खेळल्या पाहिजेत. त्यासाठीच तर घेतोय.

श्रीरंग : मग माप त्यांचं पाहिजे. तुम्ही आणलंय काकूंचं.

लक्ष्मण : देणं तिच्या नावानं, म्हणून माप तिचं, असा मी विचार केला.

श्रीरंग : नाव काकूंचं, पण हात त्यांचे ना? कुठं आहेत त्या?

लक्ष्मण : पलीकडच्या साडीच्या दुकानात. मी येतो म्हणून सांगून बसवून आलोय. त्यांना यातलं काही माहीत नाही.

सुरेखा : भाऊजी! तुमी इथं व्हय? अन् तो माणूस तिथं माझ्यापुढं साड्यांचा ढीग लावून ऱ्हायला. मी म्हनलं, पैसे देनारा माणूसच पळाला!

लक्ष्मण : या, सुरेखाबाई. श्रीरंगराव, ह्याच त्या. आमच्या शेजारीण. यमुनाच्या मैत्रीण.

सुरेखा : हे काय, ताईचा ब्लाउज? हितं कसा?

श्रीरंग : काका ह्याच्यावरून काठीचं माप घ्यायला आले होते.

सुरेखा : अगं बाई! ब्लाउजावरून काठी! भाऊजी, तुमी पन ना! अहो, ह्या ब्लाउजाचं मापसुदिक चुकलेलं हाय. दंडात काचायचा तिला. द्या इकडं, मी घडी घालते.

लक्ष्मण : हसा, हसा. लई दिवसांनी हसताय.

सुरेखा : हसू नको तर काय करू! अन् काठी कुनासाठी?

लक्ष्मण : तुमच्यासाठी. परवाच्या नवमीला. साडीऐवजी.

सुरेखा : मला? नाय नाय. नवमीच्या जेवनाला काठी देतेत का कुनी? आमचे मालक म्हनतील, जेवायला गेलती का मारामारीला? साडी द्या साधी, नायतर नुसता खण द्या.

श्रीरंग : ताई, तुम्ही खेळता कुठं?

सुरेखा : हर्सूलच्या पुढं मैदान हाय ना नऊ होलचं, तिथं. ते आमचंच रान. दिरानं अन् मालकांनी विकलं, तर घेनाऱ्यानं वर दोन कार्ड दिले. म्हनला, मेंबर व्हा. मालक म्हनले, आपल्याच रानात फुकट हिंडायला कार्ड कशाला? लाज वाटती. दिले चुलीमागं टाकून. मी ताईला सांगितलं. ती म्हनली, सुरेखा, आपुन जाऊ.

लक्ष्मण : दोघी साडी खोचून, खाली बूट घालून. पहिल्या दिवशी वॉचमननं विचारलं, तुम्ही गवत काढायला आलात का.

सुरेखा : ताई म्हनली, गवत हाय का तुमच्याकडं? असलं तर काढतो! खरंच नव्हतं हो. सगळं मैदान भाजलेलं. साहेबलोक रडायचे, हिरवं नाय म्हनून. आमाला मजा. जमीन कडक, बॉल पडला की पळतच सुटायचा. जेवढा दुष्काळ तेवढा लांब.

श्रीरंग : हे मात्र खरंय. कोरड्या जमिनीवर सगळेच पैलवान.

सुरेखा : अन् मला माहीत ना, कुठं उतार, कुठं बांध होता. सातव्या होलपाशी आमची विहीर होती, बुजवली. तिथं जमीन दबलीय. बॉल आपोआप तिकडं घरंगळतो. साहेबलोकांना कळायचंच नाय. ताईला मी सांगून ठेवलं होतं. दोघी जिंकायचो.

श्रीरंग : ताई, ही तर चीटिंग झाली!

सुरेखा : माझ्याच विहिरीत माझा बॉल गेला, त्यात चीटिंग कसली?

लक्ष्मण : मग आता सव्वा वर्ष का गेला नाहीत?

सुरेखा : कुनासंगं जाऊ? दोघींचं होतं ते. बॉल लांब गेला तर "आई गं" म्हनायला तरी कुनी पाहिजे. एकटीनं मारून मागं बघितलं अन् कुनी नाय, तर काय करायचं? नको भाऊजी. झालं ते झालं. खेळ संपला.

लक्ष्मण : हेच मला नकोय. साडी दिली तर तुम्ही कपाटात ठेवाल. वर्षातून एकदा काढाल, डोळे पुसाल, परत ठेवाल. तिची आठवण नुसती कपाटात राहावी, एवढंच का? तुम्ही खेळलात तर तिचं काहीतरी चालू राहील. बाकी माझं मागणं नाही.

सुरेखा : एवढे पैसे घालून?

लक्ष्मण : पेन्शन कशावर खर्च करू? एकट्याला पोळ्या किती लागतात?

श्रीरंग : ताई, घ्यायचा तर घ्या, नाहीतर राहिलं. पण मागं जाळी आहे, दोन बॉल मारून बघा. बघायला काय जातंय? हा धरा. मऊ दांडा.

सुरेखा : बघायला म्हनून बघते. व्हा बाजूला. भाऊजी, तुमी मागं सरका, तिकडं कोपऱ्यात.

(काठी फिरल्याचा आवाज. बॉल जाळीच्या डाव्या कडेला लागून टांगलेल्या दोरीउड्यांच्या दोऱ्यांत शिरतो.)

श्रीरंग : गेल्या माझ्या दोऱ्या!

सुरेखा : ही काठी हाय का वेताची छडी? लपलप करती. हातात काय हाय ते कळतच नाय.

श्रीरंग : अहो, वेग बघा जाळीपाशीच्या मशीनवर! बायकांचा मऊ दांडा ह्या हाताला कसा पुरणार? म्हणून डावीकडं गेला. ताई, व्यायाम करता का?

सुरेखा : टँकर येतो ना. तीन मजले हंडे चढवा, तुमचंबी मनगट होईल.

श्रीरंग : थांबा. हा घ्या. गेल्या वर्षीचाच, मध्यम दांडा. हा आल्यापासून पडूनच आहे. साहेबलोकांना मध्यम म्हटलं की कमीपणा वाटतो, सगळे कडकच मागतात. बायका विचारतात फक्त मऊचं. मधल्याला कुणी वालीच नाही.

सुरेखा : आना. आता सरळ जाऊ दे रे देवा.

श्रीरंग : अरे वा!

लक्ष्मण : आई गं!

सुरेखा : भाऊजी, काय म्हनले तुमी?

लक्ष्मण : काही नाही. आपोआप तोंडातून निघालं.

सुरेखा : आनखी एक बॉल टाका ओ.

श्रीरंग : टाकतो की. मारा.

सुरेखा : बघितलं? जाळीच्या मधोमध! आनखी एक. हे बघा, आवाज ऐका. असा आवाज जुन्या काठीला कधीच नाय आला. ताईला हे पाहिजे होतं राव. आनखी एक.

श्रीरंग : ताई, जाळी फाटेल. टेलर काम सोडून दारात येऊन उभा राहिलाय.

सुरेखा : उभा राहू द्या. त्याला म्हनावं, ब्लाउज दंडात ढिला ठेवत जा जरा.

लक्ष्मण : मग काय करायचं, सुरेखाबाई? बांधायला सांगू?

सुरेखा : थांबा. आधी मला सांगा. नवमीला जेवायला येनारी बाई म्हणजे यमुनाताई, बराबर?

लक्ष्मण : बरोबर.

सुरेखा : तुमी तिच्या पाया पडनार, तिला वाढनार, ती म्हनल ते ऐकनार?

लक्ष्मण : ऐकायलाच पाहिजे.

सुरेखा : मग ताई परवा काय म्हननार ते मी आजच सांगून ठेवते. ती म्हननार, दुसरं कार्ड रिकामं पडलंय. लक्ष्मणराव, आता तुमी खेळा.

लक्ष्मण : मी? अहो, मी सत्तरीला आलोय.

सुरेखा : साहेबलोक तिथं ऐंशीचे हायेत. एकजण तर गाडीतून उतरतो, मारतो, परत गाडीत बसतो.

लक्ष्मण : मला एक बॉल लागायचा नाही.

सुरेखा : नका लागू देऊ. पन काठी उचला. नायतर ही काठी मी घेनार नाय, अन् परवा जेवायलाबी येनार नाय. शोधा दुसरी सवाष्ण.

श्रीरंग : काका, आता पकडले गेलात. तुमच्यासाठी काढू का एखादी? पन्नाशीनंतरच्या लोकांचा वेगळा दांडा असतो, मऊच, पण नाव जरा सन्मानाचं दिलंय कंपनीनं.

सुरेखा : त्यांना नवी कशाला? ताईची जुनी घेतील.

लक्ष्मण : ती कडक आहे. बॉल उजवीकडं जातो.

सुरेखा : जाऊ द्या. बाभळीखाली आता कुनी बसलेलं नाय.

श्रीरंग : काका, हसताय म्हणजे कबूल का?

लक्ष्मण : बांधा ती मध्यम दांड्याची. चांगल्या कागदात बांधा. वर हळदकुंकू लावायचं आहे परवा.

श्रीरंग : कागद नको, मी लाल कापडात देतो. आणि सहा बॉल माझ्याकडून. काकूंच्या नावानं.

सुरेखा : रविवारी जायचं मग. ऊन चढायच्या आत. पाचला उठावं लागंल.

लक्ष्मण : मला मोबाइलवर गजर लावता येत नाही. आजवर तीच उठवायची.

सुरेखा : मी कडी वाजवीन.